सलग बाल्कनी

बाल्कन्या जोडून घ्यायची टूम धाकट्या जावेची. तिनं कुठंतरी वाचलं होतं, की जहाजावर शेजारशेजारच्या केबिन घेतल्या तर मधली पार्टिशन उघडून देतात आणि सगळ्यांची मिळून एकच लांबलचक बाल्कनी होते. "म्हणजे कसं, दादांना फिरायला मोकळी जागा होईल, आणि आपल्या सगळ्यांचं लक्षही राहील," ती म्हणाली. वहिनींच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. धाकट्या जावेला दादांच्या फिरण्याची काळजी आजवर कधी पडली नव्हती.

वहिनी घरातली थोरली सून. एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. पोट शिवून बंद करण्याआधी बोळे, चिमटे, कात्र्या मोजायच्या आणि "मोजणी बरोबर" असं मोठ्यानं म्हणायचं, हे त्यांचं काम. त्या म्हणेपर्यंत सर्जन टाका घालत नसे, मग तो स्वतःला कितीही दीडशहाणा समजत असो. उभा जन्म असा काढल्यावर माणसाचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. दुधाच्या पिशवीपासून नणंदेच्या हसण्यापर्यंत वहिनी सगळं एकदा पारखून घेत आणि मगच घरात येऊ देत.

दादांची आणि त्यांची गाठ त्या टेबलावरच पडली. अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. शुद्धीवर आल्या आल्या ह्या पेशंटनं विचारलं, "सिस्टर, सगळं मोजून घेतलंत ना? तुमचं काही माझ्याकडे राहिलं असेल तर आत्ताच सांगा." पुढं लग्न झालं आणि त्यांनी बायकोचं नाव ठेवलं 'मोजणीबाई'. चारचौघांत नाही, घरात दोघंच असताना. त्या टाक्यांची तिरकी खूण दादांच्या पोटावर उजवीकडे अजून होती. आंघोळ घालताना वहिनींचा हात रोज तिच्यावरून फिरायचा.

आंघोळ घालावी लागे, कारण दादांचं डोकं आता साथ देत नव्हतं. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरत, मग रस्ते विसरू लागले, मग माणसं, आणि शेवटी बायको. घरात सतत वावरणारी ही कोणीतरी कामाला ठेवलेली बाई आहे अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तिच्याशी ते मोठ्या अदबीनं वागत. दिवसातून कितीदा तरी विचारत, "बाई, आमची मंडळी आली का हो?"

"अहो, मीच तुमची मंडळी," असं वहिनींनी पहिल्यापहिल्यांदा सांगून पाहिलं. त्यावर दादा इतके कावरेबावरे होत, की त्यांनी तो नाद सोडला. आता उत्तर ठरलेलं होतं. "येतेच आहे ती. तुम्ही बसा." मग दादा खुर्ची ओढून मुकाट बसत. त्यांच्या मऊ लोकरी स्लिपर हटकून उलट्या पायांत असत, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात. वहिनी गुडघे धरत खाली वाकत आणि त्या सुलट करून घालत. वाकलेल्या असताना त्यांचं रडू कुणाला दिसत नसे.

ह्या सहलीमागं काय शिजतंय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. भाऊजी, म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, आणि वन्सं, म्हणजे दादांची बहीण, दोघांनी मिळून दादांसाठी एक संस्था बघून ठेवली होती. तिथं अशा माणसांना सांभाळतात. "वहिनी, तुम्ही थकलात. परत आलो की निवांत बोलू," असं भाऊजी बोटीवर चढतानाच म्हणाले. निवांत बोलू म्हणजे सगळं ठरवून झालंय, एवढं न कळायला वहिनी काल जन्मल्या नव्हत्या. दादांनी त्यांना ओळखलं नाही तरी चालेल, पण त्यांना कुणी उचलून नेता कामा नये, ह्यावर त्या ठाम होत्या. आणि मनातून हेही कळत होतं, की आपले हात दिवसेंदिवस कमी पडताहेत.

केबिनची व्यवस्था बघणारा माणूस जाड मिशांचा आणि बोलका होता. त्यानं खिशातून एक चौकोनी किल्ली काढली, बाल्कनीच्या आडव्या पांढऱ्या पत्र्याचा बोल्ट फिरवला आणि ते पार्टिशन दारासारखं उघडून भिंतीला अडकवून टाकलं. खाली जमिनीशी चांगली वीतभर फट होती. ती कशाला, असं वहिनींनी विचारलंच.

"पाणी वाहून जायला, मॅडम. आणि एक सांगून ठेवतो, वारा वाढला की हे बंद करावं लागतं. तसा हुकूमच असतो. तेव्हा सगळे आपापल्या केबिनच्या बाजूला हवेत, नाहीतर एखादे काका वहिनींकडे आणि मावशी भलतीकडे असं होतं." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "एकदा एका आजोबांनी शेजारच्यांच्या पलंगावर झोप काढली. त्यांचा तरी काय दोष? शेजारशेजारच्या केबिन एकमेकींच्या उलट असतात, आरशात बघितल्यासारख्या. ह्यांचं बाथरूम डावीकडे तर त्यांचं उजवीकडे. भिंत एक, पाइप एक, खर्च निम्मा!"

तो पुढचं पार्टिशन उघडायला कॉरिडॉरमधून पलीकडे गेला. थोड्या वेळानं वहिनी बाहेर येऊन बघतात तर खरंच सगळं सलग झालेलं. लांबवर टोकाला भाऊजी हात हलवत होते, शेजारी जाऊ आणि वन्सं खुर्च्या टाकून बसलेल्या. वहिनींच्या दाराला लागून जे काचेचं दार होतं त्याचा करडा पडदा आतून पूर्ण ओढलेला होता. ही वन्संची केबिन, वहिनींनी मनाशी म्हटलं. वन्संना दुपारी अंधार करून झोपायची सवय. मग त्यापुढं दोन दारं दिसत होती, ती दोन्ही भाऊजींची असणार. म्हणजे जावेनं सगळ्यांत मोठी केबिन घेतली आणि ताकास तूर लागू दिली नाही! वहिनींनी ते गिळलं. विचारलं असतं तर ह्या इथंही मोजत बसल्या असं झालं असतं.

दादांना बाल्कनी फार आवडली. कठड्याला हात लावत लावत ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि परत येत. पाणी, आकाश, आणि खाली जहाजाच्या कडेनं सरकणारा पांढरा फेस, एवढंच बघायचं असल्यामुळे त्यांना काही ओळखावं लागत नव्हतं. पहिला दिवस बरा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा जरा डोळा लागला. जाग आली तर दादा दारात उभे. केस पाणी लावून नीट विंचरलेले, दाढी गुळगुळीत, आणि स्लिपर चक्क सुलट्या पायांत.  वहिनींनी सकाळी दाढीचं नाव काढलं होतं तेव्हा ह्याच गृहस्थानं ब्रश फेकून दिला होता.

"कुणी केली दाढी?"

"मंडळीनं," दादा म्हणाले. लाजल्यासारखे हसले. "भेटली ना आमची मंडळी. तुम्ही उगीच काळजी करत होता, बाई."

भांग उजवीकडून पाडलेला होता. दादा जन्मभर डावीकडून पाडत आले होते. घड्याळही उजव्या मनगटावर चढवलेलं. अनोळखी माणूस समोर उभं राहून दुसऱ्याचं करायला गेलं की असं होतं, हे वहिनींनी शिकाऊ मुलींच्या बाबतीत हजारदा पाहिलं होतं. त्यांनी भांग मोडून पुन्हा पाडला आणि तेवढ्या वेळात त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. जाऊ अशी निगुतीनं दाढी करणं शक्य नव्हतं, आणि वन्संना स्वतःच्या नवऱ्याला कधी पाणीही द्यावं लागलं नव्हतं. हे सराईत हात होते. ह्या लोकांनी संस्थेतली बाई बरोबर आणली होती! तिला वन्संच्या केबिनमध्ये लपवून ठेवलं होतं आणि दादांना हळूहळू तिची सवय लावणं चाललं होतं. परतल्यावर म्हणणार, बघा, तिच्यापाशी कसे शांत राहतात.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी जावेला नुसतं छेडून बघितलं. "आज दादा अगदी चकचकीत दिसताहेत, नाही?"

"हो ना! तुम्ही किती करता हो वहिनी त्यांचं," जाऊ म्हणाली. वहिनींनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. काहीच सापडलं नाही, म्हणजे बाई चांगलीच तयारीची होती.

वन्सं बिस्किटाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "दादाला उजेड सोसत नाही का आताशा?"

"का बरं?"

"नाही, आपलं सहज." आणि त्यांनी विषय बदलला. तो विषय का बदलला, ह्यावर वहिनी नंतर कितीतरी वेळ विचार करत होत्या.

तिसऱ्या दिवशीही दादा तिथं गेले, आणि आले ते एक जुनी चाल गुणगुणत. शब्द सगळे आठवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी शर्टाची बटणं स्वतः लावली. दर वेळी भांग उलटा. दर वेळी माणूस आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त जाग्यावर. एखादी बायको हे बघून देवाचे आभार मानती. वहिनींच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या होत्या, आणि त्या का झोंबल्या हे त्यांना स्वतःशीही कबूल करावं लागलं. आपण इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या आणि आपल्याला 'बाई' म्हणणारा हा माणूस दुसऱ्याच कुणाला 'मंडळी' म्हणतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांना मत्सर वाटत होता. साठी ओलांडल्यावर, तेही पगारी नर्सचा!

त्या दुपारी त्या झोपल्याच नाहीत. डोळे मिटून पडून राहिल्या. दादा उठले, स्लिपर उलट्याच घातल्या, बाहेर गेले. शेजारचं काचेचं दार सरकल्याचा आवाज आला.

वहिनी अनवाणी बाहेर आल्या. समुद्राचा रंग बदलला होता, शिशासारखा झाला होता, आणि वारा अंगाला लागत होता. करड्या पडद्याला कडेला बोटभर फट राहिली होती. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं.

आत दादा पलंगाच्या कडेवर बसलेले होते. पलंग भलत्याच भिंतीला होता, पण तो मिशीवाला तसं म्हणालाच होता. त्यांच्यासमोर एक बाई जमिनीवर वाकलेली होती आणि त्यांच्या स्लिपर सुलट करून घालत होती. तिचा चेहरा खाली होता. दिसत होती ती फक्त मान आणि वर बांधलेला पांढुरका अंबाडा. मान ओळखीची वाटली, पण कुणाची ते काही केल्या आठवेना. जावेची नव्हती, वन्संचीही नव्हती. थिएटरमधल्या एकेका मुलीची मान वहिनींनी आठवून पाहिली. बाईनं एक हात गुडघ्यावर धरला होता, उठायला त्रास होणाऱ्या माणसानं धरावा तसा.

वहिनींना दार ठोठावायचं होतं. हात वर गेला आणि तसाच खाली आला. त्यांना भीती वाटली. कसली, ते त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी ती भीती रागावर ढकलली, चपला पायांत सरकवल्या आणि कॉरिडॉरमधून पुढच्या बाजूनं जाऊन वन्संना रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

कॉरिडॉरमध्ये लाल गालिचा होता आणि बारीक गुरगुर ऐकू येत होती, इंजिनाची. त्यांच्या दाराशेजारी एक दार. त्यावर वन्संनी ओळखीसाठी अडकवलेला निळा रुमाल. वहिनींनी धाडधाड वाजवलं. वन्संनीच उघडलं. केबिनमध्ये लख्ख उजेड होता. पडदे दोन्हीकडे सारलेले, पलंगावर पोहण्याचा ओला पोशाख, आणि दुसरं कोणी नाही.

"कुठाय ती?" वहिनी आत शिरल्या. बाथरूमचं दारही उघडून बघितलं.

"कोण?"

"संस्थेची बाई! वन्सं, मी म्हातारी झाले असेन, आंधळी नाही. माझ्या शेजारच्या केबिनमध्ये कुणाला आणून ठेवलंय तुम्ही लोकांनी?"

"तुमच्या शेजारी मीच आहे की," वन्सं गोंधळल्या. "आणि ती मधली, पडदेवाली, ती तर तुमचीच ना? आम्ही म्हटलं, वहिनींनी दादासाठी दोन खोल्यांची मोठी केबिन घेतली, आणि सांगितलं नाही. धाकटीला जरा लागलंही. पण म्हटलं, कशाला विचारा."

 इतक्या वर्षांत प्रथमच दोघींना एकमेकींच्या बोलण्याबद्दल शंका आली नाही.

वहिनी कॉरिडॉरमध्ये परत गेल्या. त्यांचं दार, त्यांच्या दाराला लागून वन्संचं, त्याला लागून भाऊजींचं. त्यांच्या आणि वन्संच्या दारांमध्ये नुसती भिंत होती, आणि तिच्यावर कुठल्याशा फुलांचं चित्र स्क्रूनं पक्कं बसवलेलं. वहिनींनी चित्रामागं बोटंही घालून पाहिली.

तेवढ्यात छतातल्या स्पीकरवरून सूचना झाली. वारा वाढतोय, सर्व बाल्कन्या बंद करण्यात येत आहेत.

त्या वन्संच्या केबिनमधून धावतच बाल्कनीत आल्या. मिशीवाला टोकाकडून सुरुवात करून येत होता. भाऊजी आणि जाऊ त्यांच्या बाजूला गेले, पत्रा धाडकन लागला, बोल्ट फिरला. वहिनी वाऱ्यातून पुढं गेल्या. करडा पडदा तिथंच होता. आता फट नव्हती.

"अहो!" त्यांनी दोन्ही हातांनी काच वाजवली. "अहो, बाहेर या! बंद करताहेत!"

"मॅडम, लवकर," मागून मिशीवाला ओरडला. त्याचे शब्द वाऱ्यानं अर्धेच पोचले. तो दाराकडे बघतही नव्हता, त्याचं लक्ष बोल्टात.

काच सरकली. दादा बाहेर आले. ताठ, केस विंचरलेले, पायांत स्लिपर सुलट.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे ओळखून पाहिलं.

"काय मोजणीबाई," ते म्हणाले, "केवढा आरडाओरडा हा! बहिरा झालो नाही अजून मी."

 वहिनींनी दादांचा दंड धरला. उबदार होता. मागचं दार आपोआप सरकत लागलं, पण त्यांनी तिकडं पाहिलं नाही. त्या हुंदके देत, हसत, त्यांना धरून आपल्या बाजूला घेऊन आल्या.

"सगळे आले का आपापल्या जागी?" मिशीवाल्यानं पत्रा हातात धरून विचारलं. "मी ताईंच्या केबिनमधून बाहेर पडतो. करू बंद?"

सवयीनं वहिनींनी नजर फिरवली. भाऊजी आणि जाऊ पलीकडे गेले. वन्सं त्यांच्या दारात. आपण इथं. दादा इथं, हाताशी.

"मोजणी बरोबर," त्या म्हणाल्या. "करा बंद."

पत्रा लागला. त्यावर पलीकडून, खालच्या अंगाला, दोनदा हलकंसं टकटक झालं. बोल्ट बसला असेल.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दादांनी बहार उडवून दिली. भाऊजींनी लहानपणी शेजाऱ्यांची सायकल विहिरीत कशी घातली आणि मार कुणी खाल्ला, हे त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. जावेला तिच्या वडिलांची तब्येत विचारली. वन्संना म्हणाले, "तू अजून बिस्किटाचा चुरा करतेस, खात नाहीस." भाऊजी ढसाढसा रडले. त्यांनी वहिनींचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "वहिनी, ते संस्थेचं विसरून जा. माझी चूक झाली." एवढं सगळं झालं. कधीकधी असे चांगले दिवस येतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. दादा चमचा डाव्या हातात धरून सूप पीत होते आणि वहिनी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. त्यांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. त्या सुखात होत्या, आणि सुखाची सवय मोडल्यामुळे जरा घाबरलेल्याही होत्या.

केबिनकडे परतताना मिशीवाला टॉवेलची चळत घेऊन समोरून आला.

"का हो, आमच्याकडे पार्टिशन किती उघडली होती तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"दोन, मॅडम. तीन केबिनना दोनच लागतात की."

दादांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, मोजणीबाई. आता पुरे कर तुझी तपासणी."

त्यांनी पुरे केली. वन्संनी जाताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते वहिनींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

सकाळी जहाज बंदराला लागत होतं. वारा पडला होता. वहिनी आरशासमोर बसून अंबाडा बांधत होत्या. दादा आंघोळ करून बाहेर आले, स्वतःची आंघोळ स्वतः करून, कमरेला टॉवेल गुंडाळून, ती जुनी चाल गुणगुणत. आरशात ते वहिनींच्या मागं येऊन उभे राहिले. पोटावर ती तिरकी खूण, जिथं असायची तिथंच. भांग जिथं असायचा तिथं. आरशात दादा अगदी बरोबर दिसत होते.

वहिनींचे हात अंबाड्यावर थांबले.

त्या हळूच मागं वळल्या आणि आरशाविना त्यांच्याकडे पाहिलं.

खूण डावीकडे होती.

त्यांनी बोट लावून पाहिलं. टाके चांगले होते, सफाईचे. त्वचा उबदार होती. दादा गुदगुल्या झाल्यासारखे हसले. "काय, राहिलंय का आत तुमचं काही, सिस्टर?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आलेच मी."

बाल्कनीत ऊन होतं. बंदरावरचे क्रेन दिसत होते, दोरखंड फेकणारी माणसं ओरडत होती. पार्टिशन बंद होतं, जसं काल केलं होतं तसं. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग गुडघा धरून, त्रास होत असताना, खाली वाकल्या.

फटीतून पलीकडच्या बाजूला लोकरी स्लिपरची दोन टोकं दिसत होती. पत्र्याला अगदी लागून. उजवी डाव्या पायात होती आणि डावी उजव्यात.

स्लिपर रात्रभर तिथंच असाव्यात. लोकर भिजून काळी पडली होती.

मिशीवाल्याला बोलवायची घंटा आत पलंगापाशी होती. चौकोनी किल्ली त्याच्या खिशात असायची. फार वेळ लागला नसता. वहिनींना हे सगळं स्वच्छ कळत होतं. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि मग हाक आली, "मोजणीबाई, माझा निळा शर्ट कुठं ठेवलास गं?" असं 'गं' म्हणून त्यांना कोणी कितीतरी वर्षांत हाक मारली नव्हती.

पत्र्यापलीकडे पाय जरासे हलले.

"बाई," अदबशीर, थकलेला आवाज आला, "आमची मंडळी आली का हो?"

वहिनींनी तळहात पत्र्यावर ठेवला. पत्रा गार होता.

"येतेच आहे ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

त्या उठल्या, आत गेल्या आणि काचेचं दार ओढून घेतलं. ते पूर्ण लागण्याआधी पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.